सें-रोम्बोच्या मेयरचं मत

माटान, २८ मे १९७२

प्रिय रेआलदादा,

बरा आहेस ना? माँट्रियलला आता झाडं हिरवी झाली असतील. इथे किनाऱ्यावर अजून कोट घालावा लागतो. मला कापडाच्या दुकानात काम मिळालंय. बाबाही बरे आहेत. म्हणजे उठतात, बसतात, दिलं तर खातात.

सरकारनं दिलेलं घर दुसऱ्या मजल्यावर आहे. "इथं खोकलं तरी खालची बाई छत बडवते," बाबा परवा कुरकुरले. "गावात खोकलो असतो तर शेजारी काढा घेऊन आला असता."

"शेजारी म्हणजे गेदेऑन ना? तो काढा कधी आणायचा? बाटली आणायचा," मी म्हटलं. तेव्हा हसले. कितीतरी महिन्यांनी.

दादा, आपलं सें-रोम्बो गाव आता राहिलं नाही. मंदीत बाबांच्या पिढीला शहरात काम नव्हतं, तेव्हा सरकारनंच हातात कुऱ्हाडी देऊन त्या डोंगरावर पाठवलं. आता तेच सरकार म्हणतं, जमीन नापीक होती, माणसं खाली आणा, वर जंगल लावू. या महिन्याच्या सुरुवातीला ठेकेदाराची माणसं गेली. शाळा पाडली, चर्च पाडलं, घरं एकेक करून पेटवली.

आपलं घर बाबांनी कुणाला पेटवू दिलं नाही. मी सोबत होते. आधी बाबांनी विहिरीचं पाणी काढलं आणि ते गुडघ्यांवर बसून स्वयंपाकघराची लाकडी जमीन घासायला लागले. मुकादम दारात येऊन थबकला.

"अहो काका, हे जाळायचंय ना?"

"जाळायचंय म्हणून मळकं ठेवायचं? हिच्या आईच्या घरात परकी माणसं शिरणार, आणि जमीन अशी?"

जमीन वाळेपर्यंत बाबा पायरीवर बसून राहिले. मुकादमानंही घाई केली नाही. मग बाबांनी काडी ओढली.

तुला वाटेल, आता कशाला रडायचं, गाव बंद तर त्यांनीच केलं. गाव ठेवायचं की बंद करायचं, यावर चर्चच्या तळघरात झालेली ती सभा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. दोन्ही बाजूंचे हात सारखे झाले आणि निर्णायक मतासाठी सगळे मेयरकडे, म्हणजे बाबांकडे, बघायला लागले. बाबांनी हात वर केला. "बंद," म्हणाले. तू बाकावर चढून ओरडलास, "गाव विकलंत! आई असती तर तुमच्या तोंडावर थुंकली असती!" त्यांनी नुसती मान खाली घातली. त्या दिवसापासून तू नाहीस.

आईविषयीच लिहायला बसले होते. हवापाणीच लिहीत राहिले.

ती इस्पितळात झोपेत गेली, असं आम्ही तुला सांगितलं. ते खरं नाही.

नाताळानंतर तिच्या पोटात दुखायला लागलं. रस्ता तेव्हा मोकळा होता. गेदेऑननं ट्रक दाराशी आणून लावला. पण तू लाकूडतोडीच्या छावणीतून नवीन वर्षासाठी येणार होतास. "रीतीप्रमाणे थोरला बापापुढे गुडघे टेकून घरासाठी आशीर्वाद मागणार, आणि मी इस्पितळात?" ती म्हणाली. "वात धरलाय, जाईल." बाबांनी ऐकलं. मग वादळ आलं. तू खाली अडकलास, ती वर. बर्फ काढायचं यंत्र आधी मोठ्या गावांना जायचं. आमच्याकडे आलंच नाही.

शेवटी बाबांनी घसरगाडीला घोडा जुंपला. अर्ध्या उतारावर तो छातीपर्यंत रुतला. बाबांनी आईला मांडीवर घेतलं. वारा अडावा म्हणून मी पुढे पाठ करून उभी राहिले, त्यामुळे मला चेहरा दिसला नाही, आवाज तेवढे ऐकू आले.

"रेआल आला का?"

"आला गं. खाली उभा आहे, वाट बघतोय."

त्यानंतर ती काही बोलली नाही.

वादळ ओसरून तू पोहोचलास, तोवर तिचा देह इस्पितळात नेला होता. "पोरगं हे जन्मभर उरावर वागवील," बाबा म्हणाले. माझ्याकडून शपथ घेतली, गेदेऑनलाही गप्प केलं. सभेत तू ओरडलास, तेव्हा त्यांच्याजवळ उत्तर होतं. त्यांनी ते गिळलं. घरी येताना मला एवढंच म्हणाले, "आणखी कुणाची बायको त्या उतारावर मरायला नको."

मी तुला दोष देत नाहीये, दादा. वादळ तू आणलं नव्हतंस. पण बाबा दिवसेंदिवस खंगतायत, आणि मी त्यांची शपथ पाळत बसले तर तुम्ही दोघंही मला उरणार नाही.

शनिवारी, १७ जूनला, वरच्या दफनभूमीतल्या शवपेट्या काढून इथे आणणार आहेत. आईची पेटी घरचीच माणसं उचलतील, असं बाबांनी ठेकेदाराला बजावलंय. बाबा, मी, गेदेऑन. चौथ्या कोपऱ्याला गेदेऑनच्या जावयाला बोलावू का, म्हणून मी विचारलं.

"राहू दे तो कोपरा," बाबा म्हणाले. तुझं नाव घेतलं नाही.

मी लिहितेय हे त्यांना ठाऊक नाही. आलास तर माफी मागू नकोस, त्यांना सोसवणार नाही. काही विचारूही नकोस. नुसता खांदा लाव. मुकादम म्हणतो, दीड वर्षात पेटी हलकी झाली असेल. मला नाही तसं वाटत.

यापुढे तुझ्यापासून काही न लपवणारी,
दोनाल्दा