देवाआधी काढलेला डबा

२५ डिसें., बुध.
परभणीला शालूकडं नाताळचं जेवण. धाकटी बहीण बोलावते म्हणून गेलो. बाप्तिस्मा घेऊन तीन वर्षं झाली, आता मलाच शिकवायलीय. घडा आहे म्हणजे कुंभार आहे, जग आहे म्हणजे कर्ता आहे. अगं, आपले न्यायदर्शनवाले हेच कधीचं सांगून बसलेत! वेदान्त त्याच्याही पुढं: कुंभार तोच, मातीही तोच. ती म्हणे, करणारा वेगळा, केलेली वस्तू वेगळी. इथवर ठीक. निघताना दारात म्हणाली, "दादा, वैनी गेली तवा माझा देव रडला. तुजं ब्रह्म रडलं का?"
डोकं फिरलं. तडक एसटी स्टँड गाठलं.

२७, शुक्र.
बायकोला, कमलला, जाऊन सव्वा वर्ष. शेवटचे दोन महिने शालूनंच तिचं सगळं केलं, मान्य. म्हणून काय वाट्टेल ते बोलायचं? जिंतूरच्या कॉलेजात तीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं मी. उत्तर लिहून काढलं: जे रडतं ते बदलतं, जे बदलतं ते नासतं, जे नासतं तो देव नव्हे. चार पानं. सोमवारी येळवसेला, वेळ अमावास्येच्या पूजेला, शेतात येईल, तेव्हा वाचूनच दाखवतो.

३०, सोम. येळवस.
पेडगावच्या शेतात कडब्याची कोप घातली, आत पाच पांडव म्हणून पाच दगडांना चुना लावला. शालू आली. पालेभाज्या-शेंगदाण्यांची भज्जी, आंबील, सगळं तिनंच केलं, अगदी कमलसारखं. आणि नैवेद्याच्या आधी आपल्यापुरता डबा भरून बाजूला ठेवला! दगडाला दाखवलेलं बाईंना चालत नाही. लय भडकलो. देवाआधी काढून घेतलंस, नैवेद्य बाटवलास म्हणालो. गड्यांसमोर.
"सगळं ब्रह्मच हाय म्हणतोस ना दादा? मग बाटलं काय?"
तीस वर्षांत एकाही पोरानं हे विचारलं नव्हतं. चालती हो म्हणालो. गेली. पानं खिशातच.

३१, मंगळ.
डबा कोपीतच राहिलेला. उपाशी गेली येडी. भज्जी आंबली होती, गुरांना टाकली. डबा कमलचा, तिनंच शालूला दिलेला. घासताना झाकणावर कोरलेलं नाव हाताला लागलं आणि हमसून हमसून रडलो. सरणापाशीसुद्धा रडलो नव्हतो.
आता, माझ्याच हिशेबानं, मी म्हणजे ब्रह्म. मग रडलं कोण?
खोडून टाकतो हे. नको, राहू दे.

१ जाने., बुध.
राग गेलेला नाही. पण डबा पोचवायला हवा, आणि रिकामा कसा द्यायचा? मला एक पिठलं येतं. केलं. या घरातून देवाला दाखवल्याबिगर आजवर काही बाहेर गेलेलं नाही.
पिठलं निवायलंय. आधी देव्हारा, की आधी तिचा डबा?