दुसऱ्या कडव्याचं पाणी

लातूर, २२ मे

ती. सौदामिनीआत्यास विशाखाचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुझे गुडघे, तुझी पेटी आणि नांदेडचे नळ ठीक असावेत. इथे मी ठीक आहे, पाणी नाही.

नोकरीच्या अर्जात छंदापुढे मी 'समूहगान' लिहिलं, ते तुझ्या सांगण्यावरून. पाणीपुरवठ्याच्या कनिष्ठ अभियंत्याचे छंद कोणी वाचत नाही, असा माझा समज होता. पण जिल्हा नवा आहे आणि साहेबांना वाचायला वेळ आहे. नव्या कचेरीच्या उद्घाटनाला स्वागतगीत दोन सुरांत हवं, दिल्लीच्या टीव्हीवर गातात तसं, आणि ते मी बसवायचं, असा हुकूम झाला. गायला गावाबाहेरच्या वस्तीतल्या, दर सोमवारी भजन करणाऱ्या बायका मिळाल्या. त्यांचं बोअर हिवाळ्यातच आटलं होतं (तसा दाखला मीच दिला होता). त्यांची अट एकच, वस्तीला टँकर. 'गाऊ की सायेब, पन घसा वला व्हायला तरी पानी द्या,' असं त्यांतली थोरली बसम्मा म्हणाली. साहेब 'बघू' म्हणाले. घरं कमी, म्हणून वस्ती टँकरच्या नियमात बसत नाही, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

बाकीच्या बायकांनी वरचा गंधार धरायचा आणि त्यांतल्या नीलम्माने एकटीने खालचा षड्ज, अशी माझी योजना. नीलम्माचा नवरा चैत्रात विहिरीचा गाळ काढताना दरड कोसळून गेला. तेव्हापासून तिचा आवाज बसला आहे, आणि खालच्या सुराला नेमका तसाच हवा होता (हे मी कोणाला बोलले नाही). पण त्यांच्या भजनाची रीत अशी, की एखादीचा सूर उतरला तर बाकीच्यांनी तिच्या सुरावर जायचं आणि तिला घेऊनच परत यायचं. त्यामुळे नीलम्मा खाली गेली की सगळ्या खाली. मागोमाग पेटी, शेवटी मीसुद्धा. तालीम शाळेत होती, तिथल्या फळ्यावर मी दोन समांतर रेषा काढून दाखवल्या. बसम्माने त्या नीट पाहिल्या. 'समजलं बाई. पन तिला दुखात यकटी सोडून आमी वर काय करून राहावं?' याचं उत्तर पदविकेच्या अभ्यासक्रमात नव्हतं. तुझ्या गाण्याच्या वर्गातही नव्हतं. तिथे वेगळा सूर लावणारीला आम्ही कोपराने ढोसायचो.

उद्घाटनाला बायका हातात स्वागताचे कलश घेऊन उभ्या राहिल्या (वर नारळ, भोवती आंब्याची पानं, आत काही नाही). पहिलं कडवं तालमीसारखंच एका सुरात झालं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. दुसरं सुरू झालं आणि मंडपामागे टँकर येऊन मैदानावर पाणी शिंपडू लागला, धूळ बसावी म्हणून. मैदान नियमात बसतं. बसम्माने आपला नारळ पाहुण्यांपुढच्या टेबलावर ठेवला, गातगातच स्टेज उतरली आणि टँकरच्या पाइपाखाली कलश धरला. तिच्यामागे सगळ्या. टेबलावर नारळांना जागा उरली नाही.

नीलम्मा तेवढी राहिली. ती डोळे मिटून गाते. तिचा षड्ज पहिल्यांदाच एकटा ऐकू आला आणि तो जराही हलला नाही. मग वरचा गंधार कोणीतरी धरला. स्टेजवर दुसरं गाणारं कोणी नव्हतं, तेव्हा तो मीच धरला असणार. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. बसम्मा परतली, आपला भरलेला कलश नीलम्माच्या हाती दिला आणि तिचा रिकामा घेऊन पुन्हा टँकरकडे गेली.

वस्तीला टँकर अजून मंजूर नाही. सकाळी व्हायची शिंपडणी ऐन कार्यक्रमात कशी झाली, अशी मला नोटीस मात्र आली. 'नजरचूक' असं उत्तर दिलं आहे. काळजी नसावी.

तुझी,
विशाखा

ता. क. अण्णांना गाण्याचं सांग, नोटिशीचं नको.

ता. क. नजरचूक नव्हती. टँकरची वेळ मीच लिहून दिली होती. दुसरं कडवं कधी येतं, ते तालमीत घड्याळ लावून पाहिलं होतं.

ता. क. पुढच्या महिन्यात आणखी एका इमारतीचं उद्घाटन आहे. तिथेही धूळ आहे. टँकरचा अर्ज मी करून ठेवला आहे. एका कडव्यात कलश भरतो, घागर भरत नाही. तेव्हा दोन सुरांचं, पुष्कळ कडव्यांचं गाणं लवकर पाठव. वरचा सूर फार चढा नको; 'वर तुमीच ना बाई?' असं नीलम्माने दोनदा विचारलं आहे. स्वागताला कलशाऐवजी घागर चालते का, तेही कळव.