कोपऱ्यात फट नाही

जन्मभर तू मला करवतीला हात लावू दिला नाहीस. बोट जाईल म्हणायचास आणि हातात केरसुणी द्यायचास. तुझा भुसा झाडता झाडता माझं अर्धं बालपण गेलं. तर ऐक. माझी दहाही बोटं जागेवर आहेत आणि घरातल्या चारही खिडक्यांच्या पट्ट्या मी स्वतः कापून बसवल्या आहेत. आता बाकीचं.

प्रिय दादा,

तू बरा असशील असं लिहीत नाही, कारण नाहीस. उजवा हात गेल्यापासून अवजारांच्या पेटीला कुलूप लावलंस आणि भिंतीकडे तोंड करून बसलास. फोन दिला की बाजूला ठेवतोस. तुझा लेक मला सांगतो, आत्या, बाबा आता अगदी शांत असतात. तू आणि शांत! झोपेतसुद्धा कुणाच्या तरी दाराचं माप चुकलं म्हणून भांडणारा माणूस तू. त्यात या खिडक्या आल्या.

जुन्या खिडक्या वाऱ्याने दात वाजवल्यासारख्या वाजायच्या, म्हणून माझ्या लेकाने नव्या बसवून घेतल्या. खिडकीवाला दोन माणसं घेऊन आला, एका दिवसात चारही बसवल्या, चौकट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत पिवळा फेस भरला आणि निघाला. फटी झाकायच्या पट्ट्यांची मोळी आणि कोन कापायचा साचा तेवढा ठेवून गेला. साच्यात धरा, कापा, ठोका, पोरखेळ आहे म्हणाला. लेक म्हणाला, रविवारी करतो. त्याचे रविवार तुला माहीत आहेत. तीन रविवार तो फेस उतू गेलेल्या दुधासारखा भिंतीवर सुकत राहिला. चौथ्या आठवड्यात मी सुनेला म्हटलं, चल गं, आपणच बघू.

पहिल्या खिडकीच्या पट्ट्या वाया घालवल्या, हेही सांगून टाकते. मी शिवणाच्या टेपने चौकटीला लागून माप घेतलं आणि तेवढ्याच लांबीच्या पट्ट्या तोडल्या. दोन्ही टोकं तिरकी कापल्यावर आतली बाजू आखूड होणार, हे डोक्यातच आलं नाही. कापडाची सवय. कापड दोन बोटं कमी पडलं तर ओढून घेता येतं. लाकूडही ओढून पाहिलं, आलं नाही. सून हसून हसून जमिनीवर बसली. त्या मुलीला मी दहा वर्षांत असं हसताना पाहिलं नव्हतं. माझ्यासमोर हसायला तिची हिंमत होत नसावी.

दुसऱ्यांदा माप बरोबर घेतलं, पण कोपरे जुळेनात. वर मिटले तर खाली उघडे, खाली मिटवले तर वर नख जाईल एवढी फट. साच्यातून दहा वेळा कापलं. शेवटी काटकोन बघायचा गुण्या लावून पाहिला तर भिंतच वाकडी. गवंड्याने डोळे मिटून बांधली असावी. खोलीचा एकही कोपरा काटकोनात नाही. वाकड्या भिंतीला सरळ साचा काय करणार?

तेव्हा तू आठवलास. म्हणजे तू नाही, तुझे हात. तू साचा कधी वापरलाच नाहीस. उभी पट्टी जागेवर धरायचास, तिच्यावर आडवी ठेवायचास, आणि त्या एकमेकींना ओलांडतात तिथे आतल्या टोकाला एक खूण, बाहेरच्या टोकाला एक खूण. दोन्ही पट्ट्यांवर. मग खुणा जोडून कापायचास. कोन किती, हे विचारायचंच नाही, पट्ट्याच सांगतात. मी केरसुणी धरून मागे उभी असायचे आणि तुला वाटायचं मी केर काढते आहे.

तसं केलं. बारीक खिळे बोटांत धरवेनात, तर कपड्यांच्या चिमट्यात धरले आणि ठोकले. पहिला कोपरा मिटला तेव्हा त्यावरून नख फिरवून पाहिलं. नख कुठेच अडकलं नाही. दादा, अंगावर काटा आला. लग्नात आला नव्हता. मग कोण थांबतंय? मी स्टुलावर, सून माझी कंबर धरून, खाली नात पुढची पट्टी घेऊन उभी. त्या दिवशी दोन खिडक्या झाल्या, दुसऱ्या दिवशी दोन. लेक कामावरून आला तर चूल थंड आणि आई स्टुलावर. या खिडकीवरून त्या खिडकीवर बघत फिरला, आणि मग मुकाट्याने भात लावला.

आता हे पत्र का लिहिते ते. काल खिडकीवाला आपली विसरलेली शिडी न्यायला आला. चहासुद्धा न घेता खिडकीपाशी गेला, कोपऱ्यावरून नख फिरवलं, आणि कुठला सुतार बोलावलात म्हणून विचारलं. मी बसवलं म्हटलं तर पटेना. मग तुझं सगळं सांगितलं, हात गेल्याचंही. लपवलं नाही. त्याच्या कारखान्यात चार पोरं आहेत, मशीनवर कापतात आणि उघडे कोपरे पुट्टी भरून झाकतात. निम्म्या घरांतून तक्रारी येतात. तो म्हणाला, "आजी, हात माझ्याकडे आठ आहेत. डोळा एकही नाही. तुमच्या भावाला खुर्चीवर बसून नुसतं ओरडायचं काम चालेल का?"

मी तिथल्या तिथे हो म्हणणार होते. सगळ्यांच्या वतीने मीच बोलते, तुला माहीत आहे. पण यावेळी जीभ आवरली आणि विचारून सांगते म्हटलं. माझ्याकडची मागची खोली रिकामी आहे, कारखाना दोन गल्ल्या पलीकडे, पोरं ओरडा खायला तयार आहेत. तुझा लेक म्हणेल, बाबांना झेपणार नाही. त्याला विचारलेलं नाही. त्याने लिहिलेलं पत्र आलं तर मी फोडणार नाही. उत्तर तू द्यायचंस, डाव्या हाताने, अक्षर कसंही येवो.

तुझीच,
धाकटी