बाबांची एक्झिट, ठरल्या दिवशी

४ नोव्हेंबर
तैपेईच्या सल्लागार कंपनीने मला पहिला स्वतंत्र क्लायंट दिला. माझे बाबा. दुसरं कुणी तयार झालं नाही. काम नेहमीचंच: धंदा वाढवायचा, मालकाला रोजच्या कामातून सोडवायचं, नवा मालक शोधायचा, जुन्याची सन्मानाने एक्झिट. मुदत, चिनी वर्षअखेरीचं कामगारांचं जेवण, १५ जानेवारीला. त्यानंतर बाबा मोकळे, चांगह्वाचा नळांचा कारखाना दुसऱ्याचा, मी परत तैपेईत. बाबांना 'भेटायला आलेय' एवढंच सांगितलं. खोटं नाही. भेटले.

८ नोव्हेंबर
चहाच्या टेबलापाशी औपचारिक मीटिंग. एक्झिटचा विषय काढला. बाबा म्हणाले, "आहे की. आग विझवायच्या सिलिंडरशेजारी, हिरवी पाटी. तपासनीस पास करून गेलाय." आणि माझा कप भरला. प्रगती आहे. शब्द कानावर तरी गेला.

१६ नोव्हेंबर
नवा नियम: बाबांनी सकाळी कारखान्यात यायचं नाही. वाद होईल म्हणून उत्तरं पाठ केली होती. लागली नाहीत. ते गळ घेऊन कोळंबीच्या तळ्यावर गेले.
नेमका आज दारातल्या पूजेचा दिवस. महिन्यातून दोनदा असते, उदबत्ती मालकाच्या हातचीच लागते. मी लावली. तात्पुरती. पॅकिंगच्या शिऊ-छिन मावशी म्हणाल्या, "किती जपून लावतेयस! बापाच्या मांडीवर बसून लावायचीस तेव्हा बिनधास्त लावायचीस."

२ डिसेंबर
खरेदीदार आले. ताइचुंगचे श्री. कुओ. त्यांना सांगितलं, कारखाना आता कुठल्याही एका माणसावर अवलंबून नाही. तेवढ्यात पॉलिशचं मशीन थांबलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. पट्टा सरकला होता. मी शाळेत होते तेव्हापासून सरकतो. झाकण काढून बसवला. कुओंनी बाबांना विचारलं, "ही पोरगी कारखान्याबरोबर मिळणार का?" बाबा म्हणाले, "ती नाही. मशीन न्या." कुओ म्हणाले, "नुसतं मशीन घेऊन काय करू, त्याच्यासमोर बसून रडू?" चहा संपवून गेले.
मीटिंग सकारात्मक. चहा आवडला त्यांना.

२० डिसेंबर
काऊश्युंगचे व्यापारी आता थेट मलाच फोन करतात. नवी मोठी ऑर्डर आली. म्हणजे वाढीचं उद्दिष्ट पूर्ण. बाबांनी कोळंब्या आणल्या, मीठ लावून भाजलेल्या. मी उभ्यानेच खाल्ल्या. तैपेईच्या साहेबांनी विचारलं, परत कधी? 'शेवटचा टप्पा' असं कळवलं. नवा मालक तेवढा राहिलाय.

१४ जानेवारी
उद्या जेवण. नवा मालक अजून नाही. पण माझी मुदत संपते, आणि गुपचूप निघून जाणं बरं दिसत नाही. युक्ती सुचली. जेवणात अख्खी कोंबडी येते. मालक तिचं डोकं ज्याच्याकडे वळवतो, त्याची नोकरी गेली. कुणालाच काढायचं नसेल तर डोकं मालकाकडे. बाबांना म्हटलं, उद्या माझ्याकडे वळवा. सगळ्यांसमोर रीतसर सुटका होईल. बाबांनी माझा कप भरला. मग म्हणाले, "तूच सांगतेयस हं. नंतर माझ्या नावाने ओरडायचं नाही."
परवा सकाळचं तिकीट काढलं. आभाराचं भाषण लिहिलं.

१६ जानेवारी
काल जेवणात बाबांनी ताट फिरवलं. डोकं माझ्यासमोर. सगळ्यांच्या जेवणाच्या काड्या थांबल्या. मी भाषणाचा कागद उघडून उभी राहिले. मी तोंड उघडायच्या आत शिऊ-छिन मावशींनी ग्लास उचलला. "यंदा कुणी जात नाही! थाउके, घ्या!" मग सगळेच ओरडायला लागले. थाउके, थाउके. थाउके म्हणजे मालक. मी बाबांकडे पाहिलं. त्यांनीही ग्लास उचलला होता. दोन्ही हातांनी, माझ्याकडे बघत.

तिकीट रद्द केलं. साहेबांना अहवाल पाठवला: मालकाची एक्झिट ठरल्या दिवशी पूर्ण. त्यांनी अभिनंदन केलं.

दुपारी हिरवी पाटी पाहिली. तिचा दिवा गेलाय. बरेच दिवस झाले म्हणे. कुठला घालायचा, ते मालकाला विचारायचं म्हणून कामगार थांबले होते.
सांगितलं.