मानाची जोडी गोठ्यातच राहिली

दौलताबाद,
६ सप्टेंबर १९८६

चि. बद्रीनाथ,

थोरल्या भावाचे आशीर्वाद. इकडं समदे खुशाल. चार वर्सांत तुला एक ओळ लिवली नाय, अन् आज बसलोय तर तुझी वहिनी सारखी डोकावतीय. काही दम नाय बाईला.

पोळा झोकात झाला. वहिनीनं काय केलं ऐक. तू धाडलेला गव्याचा फोटू तिनं गोठ्यात बैलांच्या पूजेला मांडला, कुंकू लावलं, पुरणपोळीचा घास दाखवला. म्हणती, "भावजींचं जित्राब हाये, उपाशी कसं ठिवू?" शेजारचा नूरमोहम्मद आला अन् बघतच राहिला. "कारभारीभाई, क्या जानवर है! पायात पांढरे मोजे घातलेत की! कोणत्या बाजारातून उचलला?" म्हटलं, दाजीपूरच्या जंगलातला रानगवा हाये, माझा भाऊ त्याची राखण करतो. बोलून गेलो अन् लई बरं वाटलं बघ.

आता खरी गंमत. यंदा वेशीतून पयली जोडी आपली नाय, तात्यासाहेबाची गेली. आज्यापासूनचा मान! तू वहिनीला लिवलं होतंस ना, तिकडं खुरकुतीचं भय हाये, लस टोचली की बैल बसतो म्हणून गावकरी गुरं टोचू देत नायत, अन् गुरांचा रोग जंगलात शिरला तर गवे हकनाक मरतील. ते ऐकून मला चैन पडंना. पोळ्याच्या आदल्या दिशी सोन्या-मोऱ्याला शहरात, छावणीतल्या गुरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणला, सणानंतर टोचू. मी कुणाचं ऐकतो व्हय? झालं! पोळ्याला दोघांचं अंग तापलेलं, माना खाली. तात्यासाहेब मिशीला पीळ देत फिरला, गाव हसलं. मीबी हसलो, देवाशप्पत.

आज दोघांना कोळप्याला जुंपलं तर मलाच पळवत नेलं त्यांनी! म्हणून मी तुझ्याकडं येतोय. तिथल्या गावकऱ्यांना म्हणीन, माझे बैल टोचले, मान गेला, तिसऱ्या दिशी कामाला लागले. शेतकऱ्याचं शेतकरी ऐकतो, तुमच्या खाकीचं नाय.

एक सांगायचं राहिलं. वहिनी आता चुलीकडं गेलीय, तेवढ्यात लिवतो. तुझी नोकरीची आर्डर उशिरा आली म्हणून तू पोस्टमनला शिव्या घातल्या होत्या. त्याचा काही दोष नव्हता रे. मी ती आठ दिस झुलींच्या पेटीत दडवली होती. तू गेलास की मी एकटा पडंन, हेच भ्या. पण तू रोज वाटंला डोळे लावून बसायचा, ते बघवंना. मग गुपचूप उंबऱ्यात टाकली. तू समजतोस तसा राग नव्हता मला. लाज वाटत होती, म्हणून लिवलं नाय.

शुक्रवारी राधानगरीच्या स्टँडावर उतरतो. राग आला असंल तर न्यायला येऊ नको, मी विचारत विचारत येईन. आधी तिथली गुरं टोचून घेऊ, मग बस माझ्यापुढं अन् पोटभर भांड. मी एक शब्द उलटा बोलणार नाय.

तुझे आठ दिस चोरणारा,
तुझाच दादा
कारभारी