झील कोण धरणार?

अकोला,
१२ जानेवारी २०२५

प्रिय मायाबाई,
तुह्या धाकट्या बहिणीचा तुले भरभरून जयभीम.

आमी इथं मजेत आहो. थंडी भल्लीच पडून राहिली, माह्या गुडघ्यानं संप पुकारला आहे. तूर सोंगून झाली. तुह्यासाठी नव्या डाळीची पिशवी बांधली, प्रीतमसोबत पाठवते. तो इथं कामानं आला होता. त्याले विचारलं, "तुही आई काय म्हणते?" तर म्हणे, "आई काहीच म्हणत नाही, मावशी." गळ्याचं ऑपरेशन झालं तवापासून तू फोन उचलत नाही, म्हणून कागद घेऊन बसली. अंगणवाडीतून रिटायर झाल्यावर एवढं लांब पहिल्यांदाच लिहून राहिली. अक्षराले हसू नको.

प्रीतमच्या गाडीत एक काळा, जड बॉक्सही ठेवला आहे. घाबरू नको, त्याचं पुढं सांगते.

माही प्रियदर्शनी नीट जेवत नाही. तिनं आपल्या जुन्या गाण्याचं जे नवीन रूप केलं, ते तू फोनवर ऐकलं अन् प्रीतमजवळ निरोप धाडला, "माह्या फाटक्या गळ्याची थट्टा करते का पोट्टी? बंद कर म्हणा." पोरीचं तोंड एवढंसं झालं. वर्षभर लॅपटॉपपुढं मान मोडून बसली होती ती. आता म्हणते, सव्वीस जानेवारीले अमरावतीच्या कार्यक्रमात ते गाणं वाजवणार नाही. आवाज मावशीचा, मावशी नाही म्हणते, विषय संपला.

बाई, मले तुहा राग आला. आला म्हणजे आला. पण मंग मीही ते फोनवर लावून पाहिलं, अन् बाप्पा! तुहा आवाज खरंच तुटून तुटून येते. "गाडी... गा... गा..." मलेही वाटलं, कोणी नक्कल करून राहिलं.

तवा पोरीनं मले त्या बॉक्ससमोर, तिच्या मोठ्या स्पीकरसमोर बसवलं. ती म्हणे, "आई, फोनच्या इवल्याशा स्पीकरमधून खालचा जाड सूर येतच नाही. अन् हे गाणं उभं आहे त्याच सुरावर." तो सूर लागला अन् माह्या छातीत घुमाले लागला. त्याच्यावर आपल्या बाबाची ढोलकी, अन् ढोलकीवर तू! जुन्या कॅसेटवरची, खणखणीत. आपली माय दीक्षेले गेली त्यावर बाबानं रचलेलं, "गाडी निघाली नागपूरले, माय चढली पदर खोचून." मधूनच सारं थांबते. एकटा "खोचून" उरते, अन् विहिरीत हाक मारल्यासारखा घुमत जाते. खोचून, खोचून, खोचून. तुटलेलं काहीच नव्हतं, बाई. मी पदर तोंडाले लावून रडली.

याले डब म्हणतात म्हणे. जमैका नावाचं बेट आहे, तिथल्या लोकांनी काढलेली तऱ्हा. गाण्यातले शब्द काढून घ्याचे, खाली नुसता ताल ठेवाचा, अन् मंग एखादा शब्द सोडून द्याचा, तो मागं मागं घुमत राहते. मी म्हटलं, "अवो पोरी, ही तर झील होय! त्यासाठी जमैकाले कायले जाचं? बाबाच्या गायन पार्टीत तुही मावशी ओळ म्हणे, अन् तुही आई तिचा शेवटचा शब्द धरून घुमवे. चाळीस वर्षं दुसरं केलं काय मी?" ते ऐकून पोट्टी एवढी हसली! अमरावतीचा सौमित्र तिच्यासोबत ठोके बसवते, त्याले तिनं लगेच फोन लावला. म्हणे, "ऐक, आपल्या इकडं डबले शब्द आहे."

गाण्यात मधात एक जागा तिनं रिकामी ठेवली. तिथं मी स्टेजवर उभी राहून म्हणावं म्हणे. मी हो नाही म्हटलं अजून. म्हणजे, हो म्हणूच शकली नाही. पहिली ओळ मी कधी म्हटली, तूच सांग. परवा स्वयंपाकघरात म्हणून पाहिली, तर तोंडातून सूरच निघेना. समोर तुह्या जागी कोणी नव्हतं.

बसली पोरीच्या गाण्यासाठी लिहाले, पण खरं सांगू का? मले तुहा आवाज ऐकाचा आहे. कॅसेटवरचा नाही, आताचा. फाटका तर फाटका. मले शिव्या द्याले तरी फोन उचल, बाई. लय सुनं सुनं वाटते.

बॉक्स प्रीतम जोडून देईल. एकदा ऐकजो. त्यावरही नको म्हटलं तर नको, मी पोरीले समजावीन.

सदा तुह्या मागं उभी असलेली,
ललिता


अमरावती,
१९ जानेवारी

लली,
जयभीम. डाळ पोचली. खडे किती त्यात! चष्मा बदल.

बॉक्स लावला तर मांडणीवरची ताटं थरथराले लागली. शेजारची दुर्गाबाई सिलेंडर फुटला समजून पळत आली, अन् गाणं संपेपर्यंत उठली नाही. म्हणे, पुन्हा लाव.

पोट्टीले सांगजो, मावशी उगाच कावली. अन् गाणं वाजव म्हणा. जोरात वाजव.

प्रीतम कामावर गेला तवा दार लावून मी त्यासोबत म्हणून पाहिलं. वरचा सूर गेला, लली. तो काही आता येत नाही. त्याचं मले किती वाईट वाटते, हे मी कोणाले सांगितलं नाही, तुले सांगते. पण खाली एक खरखरता, जाड आवाज निघते. मले त्याची लाज वाटे. त्या बॉक्सच्या सुरात मात्र तो बरोबर बसते. तीनदा म्हणून पाहिलं. बसते.

सव्वीसले दुपारीच जेवाले ये, पोरीले घेऊन. त्या रिकाम्या जागेत पहिली ओळ तूच म्हणाची. कुरकुर चालणार नाही. लय वर्षं लपली माह्या मागं, आता निघ समोर. मी आहो मागं.

तुही झीलकरीण,
माया