लहान होत जाणारी खोली

प्रिय चिमणे,

तू भाषांतर केलेल्या त्या जपानी भयचित्रकथेचा तिसरा भाग काल संवादाच्या फुग्यांत बसवून संपवला. मत विचारलं होतंस ना, मग ऐक आता. तुझी ताई नुसती अक्षरं बसवणारी असली तरी तिला मत असतं, आणि ते गोड नसतं हे तुला लहानपणापासून माहीत आहे.

आधी जमेची बाजू. नवराबायको नव्या घरात राहायला येतात आणि खोली रोज किंचित लहान होत जाते, एवढीच गोष्ट. भूत नाही, रक्त नाही. बायको आधी टेबल काढते, मग कपाट, शेवटी पाय पोटाशी घेऊन झोपायला शिकते आणि दर वेळी म्हणते, 'पुरते की एवढी जागा.' त्या वाक्याने माझ्या अंगावर काटा आला. नवरा तर इतका गोड बोलणारा की त्याला दोष तरी काय द्यायचा. भिंत सरकताना चित्रकाराने एकदाही दाखवलेली नाही. पान उलटलं की ती जवळ आलेली असते. हे काम उस्तादाचं आहे.

तिसऱ्या भागात मात्र त्याने माती खाल्ली. अचानक एक म्हातारी उगवते आणि शाप, जुना खून, सगळं समजावून सांगते. कारण कळलं आणि माझी भीती पार उतरली. शाप आहे म्हटलं की नवरा सुटलाच ना.

मला खरी धास्ती वेगळ्याच गोष्टीची बसली. जपानी मजकूर उभा, म्हणून संवादाचे फुगे उंच आणि चिंचोळे. आपली आडवी वाक्यं त्यांत मावता मावत नाहीत. पहिल्या भागाच्या वेळी तुझी ऐसपैस वाक्यं कोंबताना मी तुला शिव्या घातल्या होत्या, तू उलट चार ऐकवल्यास. या वेळी एकही वाक्य कापावं लागलं नाही. मूळ जपानीत फुगा काठोकाठ भरलेला, तिथे तुझे दोनच शब्द. मग मला बाकीचं आठवू लागलं. तुझी नोकरी सुटली, 'घरून काम बरं.' फोन बिघडला तो दुरुस्तच होईना. चित्रं काढायचं टेबल विकलंत, 'अडगळ होत होती.' मी आले तेव्हा जावईबापू हसतमुखाने दारातच उभे राहिले आणि मागून तू म्हणालीस, 'ताई, मी मजेत आहे.' आधी त्याच्याकडे बघितलंस, मग बोललीस.

या पुस्तकाचा सगळ्यात मोठा दोष सांगू? इतक्या पानांत त्या बाईकडे कुणीच येत नाही. हिला आई नाही, बहीण नाही? मी चिडून पुस्तक आपटलं आणि हे पत्र लिहायला बसले.

तुझी पत्रं तो आधी फोडतो, म्हणून हे टपालाने पाठवलं नाही. प्रकाशकाकडून तुला तपासायला येणाऱ्या प्रतीत, पहिल्या पानाशी ठेवलंय. आपलं पुस्तकही जपानी पद्धतीने उजवीकडून सुरू होतं हे त्याला ठाऊक नाही. तो डावीकडून चार पानं चाळेल, 'पोरखेळ' म्हणेल आणि तुझ्यापुढे टाकेल. गुरुवारी तो कामावर गेला की मी गाडी घेऊन येते. उत्तर पाठवू नकोस. सामान नको, कागदपत्रं तेवढी पिशवीत घाल. मला फार भीती वाटतेय, चिमणे. त्याची नाही, तू दार उघडणार नाहीस याची.

तुझीच,
ताई